सत्तरीपुढच्या रुग्णाची तब्येत एका आकड्यात मावते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सत्तरीपुढच्या रुग्णांना केमो देण्याचा एक अभ्यास आखला जातो आहे. रुग्णाची एकूण प्रकृती नोंदवायला ईकॉग स्कोअर (रुग्ण किती हिंडताफिरता आहे ते सांगणारा एक आकडा) पुरेल, की पूर्ण जेरियाट्रिक असेसमेंट (चालणं, स्मरणशक्ती, आहार, गोळ्या, मनःस्थिती अशी वृद्धाची सर्वांगीण तपासणी) करायला हवं? करायचं तर त्यातलं काय घ्यावं, काय सोडावं? हाताशी एक रिसर्च नर्स आहे आणि दर रुग्णामागे जेमतेम अर्धा तास.

ईकॉग पुरणार नाही, हे पहिलं. दुसरं, असेसमेंट जरूर करा, पण त्यातून येणाऱ्या प्रत्येक आकड्याचं पुढे काय करणार ते प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, आधी लिहा. ते जमत नसेल तर रुग्णाचा अर्धा तास घेऊ नका. आणि तिसरं, ज्यांच्याकडून फॉर्म भरून घेता येत नाही त्यांचा हिशेब सगळ्यात चोख ठेवा. या तिसऱ्या ठिकाणी मी स्वतः आपटले आहे. त्याबद्दल शेवटी लिहिते.

ईकॉगला नावं ठेवायची नाहीत. त्याचं मूळ कार्नोफ्स्की स्केलमध्ये आहे. डेव्हिड कार्नोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगावर नायट्रोजन मस्टर्ड देऊन पाहिलं आणि १९४८ मध्ये त्याचा लेख छापला. गाठ किती आटली एवढ्यावर न थांबता माणूस हिंडतोफिरतो का, स्वतःचं स्वतः करतो का, हेही टिपलं पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. त्या काळी तो मोठाच होता. शंभरावरून शून्यावर उतरणारी ती मोजपट्टी. ईकॉगची त्याहून आटोपशीर, ० (ठणठणीत) ते ५ (मृत्यू). पण दोन्हींचा प्रश्न एकच: हा माणूस आज किती चालता-बोलता आहे? केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर पांढऱ्या पेशी उतरल्या, ताप चढला, दोन दिवस जेवण गेलं नाही, तर हा माणूस कुठपर्यंत खाली जाईल आणि परत वर येईल का, हे त्यात विचारलेलंच नाही. वृद्धांच्या बाबतीत खरा प्रश्न तोच असतो. फ्रेल्टी म्हणतात ती हीच, गंगाजळी संपत आलेली असणं. रोजचा खर्च भागत असतो, म्हणून वरवर काही दिसत नाही.

एकाच सकाळी दोन गृहस्थ येतात, असं समजा. (माणसं खरी नाहीत, पण तपशील माझ्या ओपीडीतलेच आहेत.) दोघे अठ्ठ्याहत्तरचे, दोघे स्वतःच्या पायांनी आत आलेले, दोघांच्या कागदावर ईकॉग १. पहिले खुर्चीतून हात न टेकवता उठले, तीन मीटरवरच्या खुणेपर्यंत जाऊन आले आणि बसता बसता पुढची तारीख विचारू लागले. दुसऱ्यांच्या शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात, म्हणून खालची सगळीच चुकलेली. उठताना दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे दाबले, उठल्यावर क्षणभर थांबून तोल सावरला, मग पाऊल टाकलं. खुणेपाशी वळायला सहा-सात बारीक पावलं लागली. गोळ्या कुठल्या चालू आहेत विचारल्यावर त्यांनी मुलीकडे बघितलं. तिने पिशवीतून अकरा पाकिटं काढून टेबलावर मांडली. त्यात रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगळ्या कंपन्यांची होती, आणि दोन्ही चालू होत्या.

"गेल्या सहा महिन्यांत कधी पडलात का?"

"छे."

मुलगी हळूच म्हणाली, "बाथरूममध्ये दोनदा झालं. पण ते पडणं नव्हे, घसरले नुसते."

म्हणूनच आमच्या फॉर्मवर "पडलात, घसरलात, तोल गेला?" असे तिन्ही शब्द एका दमात विचारले जातात. "पडणं" हा शब्द म्हाताऱ्या माणसाला लागतो. घसरायला फरशीचा दोष असतो.

डेटाबेसमध्ये हे दोघे एकसारखे जातात. मग दुष्परिणामांचा तक्ता निघतो तेव्हा दुसऱ्या गृहस्थांसारख्यांचा त्रास पहिल्यांसारख्यांच्या सरासरीत विरघळून जातो.

हे नुसतं माझं निरीक्षण नव्हे. आर्ती हुरिया यांच्या गटाने २०११ मध्ये पासष्ट आणि त्यापुढच्या ५०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ५३ टक्के रुग्णांना केमोचे ग्रेड ३ किंवा त्यावरचे, म्हणजे गंभीर, दुष्परिणाम झाले. कोणाला होतील, याचा अंदाज डॉक्टरांनी दिलेल्या कार्नोफ्स्की स्कोअरवरून लागला नाही. लागला तो कशावरून? वय, कर्करोगाचा प्रकार, औषधं एक की अनेक, डोस पूर्ण की कमी, हिमोग्लोबिन, मूत्रपिंडाचं काम या सहा गोष्टी तर होत्याच. त्यांच्या जोडीला पाच साधे प्रश्न होते: ऐकायला कमी येतं का, सहा महिन्यांत पडलात का, गोळ्या घ्यायला मदत लागते का, थोडं अंतरही चालताना अडचण येते का, आणि तब्येतीमुळे लोकांत मिसळणं कमी झालंय का. या अकरांची बेरीज करून कमी, मध्यम आणि जास्त जोखीम असे तीन गट पाडले, तर त्यांत गंभीर दुष्परिणाम अनुक्रमे ३०, ५२ आणि ८३ टक्क्यांना झाले. पाच प्रश्नांना पाच मिनिटंही लागत नाहीत. तुमच्या अभ्यासात बाकी काहीही बसलं नाही, तरी हे बसवा.

आता अर्ध्या तासाकडे येते. अमेरिकेतल्या ॲस्को या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये त्या सुधारताना 'प्रॅक्टिकल जेरियाट्रिक असेसमेंट' नावाचा आटोपशीर संच दिला. बराचसा भाग रुग्ण बाहेर बसून स्वतः भरू शकतो. नर्सने करायचं ते दहा-बारा मिनिटांत उरकतं. नवीन संच स्वतः जुळवत बसू नका. दुसऱ्या अभ्यासांशी तुलना करता आली नाही, तर तुमचे आकडे तुमच्यापुरतेच राहतील.

त्या संचातलं सगळं सारख्या तोलाचं नाही. चालणं आणि तोल यांवर मी सगळ्यात जास्त विसंबते. टाइम्ड अप अँड गो (खुर्चीतून उठून तीन मीटरवर जाऊन परत येऊन बसायला लागणारे सेकंद) घ्या किंवा चार मीटर चालण्याचा वेग घ्या; एक खुर्ची, जमिनीवर चिकटपट्टीची खूण आणि स्टॉपवॉच, एवढंच लागतं. पण सेकंद सेकंद म्हणूनच नोंदवा. "१४ च्या वर असामान्य" अशी हो-नाही खूण करून मूळ आकडा टाकून देणारे फॉर्म मी पाहिले आहेत. तेरा सेकंदांचा माणूस आणि सात सेकंदांचा माणूस त्या फॉर्मवर जुळे भाऊ होतात. काठी वापरली का, हात टेकवले का, हेही एका ओळीत लिहा.

रोजच्या कामांची यादी, म्हणजे लॉटन यांचं १९६९ चं आठ कामांचं स्केल, देताना एक खाच सांभाळा. "करता का?" आणि "करू शकता का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ज्याने जन्मात कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही तो "करत नाही" म्हणेल आणि तुमच्याकडे तो परावलंबी म्हणून नोंदला जाईल. मुळातल्या गुणांकनात पुरुषांसाठी स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणं वगळण्याची पद्धत होती ती यामुळेच. मी क्षमता विचारते, आणि त्यापुढे "सहा महिन्यांपूर्वी करत होता का?" हेही विचारते. हा दुसरा प्रश्न छापील फॉर्मवर सहसा सापडत नाही, पण तो सोन्याच्या मोलाचा आहे. दोन महिन्यांपूर्वी जिना चढणारा माणूस गाठीच्या दुखण्यामुळे अंथरुणाला खिळला असेल, तर उपचारांनी तो उठूही शकतो. पाच वर्षं हळूहळू खचत आलेल्या माणसाचं तसं नसतं. स्कोअर दोघांचा एकच येतो.

स्मरणशक्तीसाठी मिनी-कॉग: तीन शब्द सांगायचे, घड्याळ काढून घ्यायचं, मग ते तीन शब्द पुन्हा विचारायचे. घड्याळाने मला अनेकदा तोंडघशी पाडलं आहे. तासभर छान गप्पा मारणारे, सगळ्यांची चौकशी करणारे, आणि घड्याळात बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबलेले. गप्पा शाबूत राहतात. औषधाचं वेळापत्रक सांभाळणारी यंत्रणा आधी मोडते. तोंडाने घ्यायच्या केमोच्या अभ्यासात हे कळलं नाही, तर "औषध सहन झालं नाही" आणि "औषध दुप्पट घेतलं गेलं" यांतला फरक कधीच कळणार नाही. शाळेत न गेलेल्या किंवा हातात पेन्सिल न धरलेल्या माणसाला मात्र हा निकष लावताना जपून. भाषांतर केलं म्हणजे चाचणी त्या भाषेत प्रमाणित झाली असं होत नाही. आणि कानाचं यंत्र घरी राहिलं असेल तर तीन शब्द आठवण्याची परीक्षा ही ऐकण्याची परीक्षा होते.

नैराश्यासाठी पंधरा प्रश्नांचं जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल, आहारासाठी वजनातली घट, इतर आजारांची यादी: हे घ्याच, त्यात फार डोकं लावावं लागत नाही. मूत्रपिंडाबद्दल एकच इशारा. कृश वृद्धाचं क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून बाहेर टाकतं तो पदार्थ) "नॉर्मल" दिसतं, कारण ते तयार करायला स्नायूच उरलेला नसतो. क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंड ते किती वेगाने बाहेर टाकतं, हे काढल्याशिवाय त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

जी-८ हे आठ प्रश्नांचं चाळणी-साधन लोकप्रिय आहे: १७ पैकी १४ किंवा कमी आले की पूर्ण असेसमेंट. गर्दीच्या ओपीडीत ठीक आहे. अभ्यासात मात्र ते दरवाजावर बसवू नका. फ्रान्समधल्या ऑन्कोडेज अभ्यासात त्याची संवेदनशीलता ७६.५ टक्के निघाली. म्हणजे ज्यांच्यात खरोखर उणीव होती त्यांतला जवळजवळ दर चौथा माणूस चाळणीतून निसटला, आणि संशोधनात निसटलेला परत हाती लागत नाही.

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे वळते. असेसमेंटचं पुढे काय करणार? एकाच मोजणीचे निरनिराळे उपयोग होतात आणि बरेच प्रोटोकॉल ते एकमेकांत मिसळतात. नुसतं वर्णन करायचं आहे? दोन्ही गटांत दुर्बल रुग्ण सारखे वाटायचे आहेत? त्यावरून उपचार ठरवायचे आहेत? की ते निकाल डॉक्टरांच्या हाती देणं हाच तुमचा प्रयोग आहे?

शेवटच्या प्रकाराचं उत्तम उदाहरण म्हणजे २०२१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला गॅप ७०+ हा अभ्यास. सुप्रिया मोहिले यांच्या गटाने सत्तरीपुढचे ७१८ रुग्ण घेतले. असेसमेंट दोन्ही गटांत झालं. फरक एवढाच, की एका गटातल्या डॉक्टरांना त्याचा सारांश आणि काय करता येईल याच्या सूचना मिळाल्या, दुसऱ्यांना मिळाल्या नाहीत. गंभीर दुष्परिणाम सूचना मिळालेल्या गटात ५१ टक्के, न मिळालेल्यांत ७१ टक्के. पहिल्या गटात अधिक रुग्णांना सुरुवातीपासून सौम्य उपचार दिले गेले, तरी जगण्याच्या काळात फरक पडला नाही. म्हणजे मोजणी दोन्हीकडे तीच होती; गुण आला तो ती वाचली गेल्यामुळे.

उलट फ्रान्समधल्या इसोजिया अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ४९४ वृद्धांमध्ये असेसमेंटवरून थेट उपचारच ठरवले: धडधाकटांना दोन औषधं, जरा कमजोर त्यांना एक, फारच दुर्बल त्यांना केवळ आधाराचे उपचार. तुलना होती वय आणि ईकॉग बघून ठरवण्याशी. आजार आटोक्यात राहण्याचा काळ वाढला नाही, आयुष्यही वाढलं नाही. दुष्परिणाम थोडे कमी झाले. हा अभ्यास "असेसमेंट निरुपयोगी" म्हणून पुढे केला जातो, ते मला पटत नाही. त्यात तीन कप्प्यांत वाटणी झाली, पण पडणं, आहार, गोळ्यांचा ढीग यांवर इलाज करणं हा त्या प्रयोगाचा भाग नव्हता. उणीव शोधून माणसाला फक्त खालच्या कप्प्यात टाकलं तर फायदा कुठून होणार?

तुमचा अभ्यास डोसविषयी असेल तर ब्रिटनमधला जीओ-२ जरूर पाहा. अन्ननलिका आणि जठराच्या पुढे गेलेल्या कर्करोगाचे ५१४ दुर्बल किंवा वृद्ध रुग्ण, ऑक्सालिप्लॅटिन आणि कॅपेसिटाबिन ही केमोची दोन औषधं, डोसच्या तीन पातळ्या: पूर्ण, ८० टक्के, ६० टक्के. सगळ्यात कमी डोसनेही आजार रोखण्याचं काम जवळपास तेवढंच केलं, आणि त्रास कमी झाला. त्यांनी यश मोजायला 'ओव्हरऑल ट्रीटमेंट युटिलिटी' वापरली: आजार वाढला का, गंभीर दुष्परिणाम झाले का, आणि रुग्णाच्या मते हे सगळं करण्याजोगं होतं का, याचा एकत्रित निवाडा. तो शेवटचा प्रश्न विचारायचं धाडस मला फार आवडतं.

कारण वृद्ध माणूस कशाला यश म्हणतो, हे आपण गृहीत धरतो. टेरी फ्रीड यांच्या २००२ च्या अभ्यासात आयुष्य मर्यादित असलेल्या २२६ वृद्धांना विचारलं होतं, की साधासा उपचार घेऊन जीव वाचेल, पण नंतर शारीरिक परावलंबित्व येईल, तर घ्याल? ७४.४ टक्के नको म्हणाले. परावलंबित्वाऐवजी बुद्धी जाईल म्हटल्यावर ८८.८ टक्के. म्हणून तीन महिन्यांनी तेच असेसमेंट पुन्हा करा आणि "स्वतःचं स्वतः करण्याची क्षमता टिकली का" हा तुमचा एक निष्कर्षबिंदू, म्हणजे यश मोजण्याचा निकष, ठेवा.

मृत्यू मोजतानाही कशाने गेले ते लिहा. स्तनाच्या लहान गाठी असलेल्या सत्तरीपुढच्या ६३६ स्त्रियांच्या अमेरिकी अभ्यासात अर्ध्यांना टॅमॉक्सिफेन या हॉर्मोनविरोधी गोळीबरोबर रेडिएशन दिलं, अर्ध्यांना नुसतं टॅमॉक्सिफेन. २०१३ मध्ये दीर्घ पाठपुरावा छापून आला तोवर ३३४ जणी गेल्या होत्या; त्यातल्या स्तनाच्या कर्करोगाने फक्त २१. या वयात कर्करोग एकटा रांगेत नसतो. दुसरं कारण आधी नंबर लावतं, आणि ते गणितात धरलं नाही तर उपचारांचा फायदा फुगून दिसतो.

आता कबुलीजबाब. एका अभ्यासात मी काम करत असताना तीन महिन्यांनंतरचा आमचा आलेख सरासरीने वर गेला. चालण्याचा वेग वाढला, रोजची कामं सुधारली. आम्ही खूश. संख्याशास्त्रज्ञ बाईंनी एकच प्रश्न विचारला, "जे परत आले नाहीत, त्यांचे पहिल्या दिवसाचे आकडे कुठे आहेत?" काढले. न आलेले लोक पहिल्या दिवशीच हळू चालत होते, जास्त गोळ्या घेत होते, त्यांची घड्याळं वाकडी होती. कोणीही सुधारलं नव्हतं. खालचे गळाले होते, म्हणून सरासरी वर आली. त्याहून वाईट म्हणजे ते का आले नाहीत, याची आमच्याकडे नोंदच नव्हती. रकान्यात नुसती रेघ. ती रेघ म्हणजे मृत्यू, की दवाखान्यात भरती, की आणणारा मुलगा नोकरीच्या गावी परत गेला, की चष्मा नव्हता म्हणून नर्सने राहू दिलं? आकडेशास्त्रात या चारांना चार वेगळी उत्तरं आहेत. रेघेला एकही नाही.

त्यामुळे रिकामा रकाना स्वीकारू नका. प्रत्येक चाचणीपुढे "झाली नाही" असं लिहिता येईल आणि कारणाची खूण करावीच लागेल, असा फॉर्म करा: शरीराने जमलं नाही, समजलं नाही, नकार दिला, वेळ नव्हता, आमच्याकडून राहिलं. "उभंच राहता आलं नाही" हे चालण्याच्या चाचणीचं सगळ्यात बोलकं उत्तर आहे आणि बहुतेक डेटाबेसमध्ये ते "माहिती उपलब्ध नाही" म्हणून जमा होतं. उत्तर कोणी दिलं, रुग्णाने की नातेवाइकाने, तेही टिपा. मुलं कधी जास्त काळजीने वडिलांना आहे त्याहून कमजोर सांगतात, पण अभ्यासातून नाव कटेल, औषध मिळणार नाही, अशी भीती असली की उलटही होतं, "बाबा सगळं स्वतः करतात हो." माझ्या पाहण्यात दुसरं जास्त वेळा घडतं. म्हणून प्रवेशाचा निर्णय होऊन सह्या झाल्यावरच असेसमेंट घ्या, आणि या उत्तरांवरून कोणाला काढणार नाही हे खरं असेल तर तसं तोंडाने सांगा.

आणि मुळात आत कोणाला घेताय? १९९९ मध्ये हचिन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अमेरिकेत कर्करोगाच्या रुग्णांपैकी ६३ टक्के पासष्टीपुढचे होते, अभ्यासांत मात्र २५ टक्केच. २०२२ मध्ये तिथल्या औषध नियामकाने वृद्धांना सामावून घेण्याबद्दल मार्गदर्शन काढलं, तरी अटींची यादी लिहिताना हात जुन्याच वळणाने जातो. प्रवेशाची यादी ठेवा: किती जण पात्र होते, किती आले, न आलेल्यांचं वय आणि ईकॉग काय. शक्य झालं तर त्यांच्याकडून ते पाच प्रश्न तेवढे विचारून घ्या, संमतीने.

तुमच्या एका नर्सबद्दल शेवटचं. तिला पहिले दहा रुग्ण दुसऱ्या कोणाबरोबर जोडीने मोजायला लावा, दोघींचे सेकंद आणि घड्याळाचे गुण शेजारी लिहा. आमच्याकडे पहिल्याच दिवशी कळलं, की एक जण "उठा" म्हणताना स्टॉपवॉच चालू करत होती आणि दुसरी पाठ खुर्चीपासून सुटल्यावर.